पडद्याकडे पाठ

गद्रे काका दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आपल्या बेसमेंटमध्ये सिनेमा दाखवायचे आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायचे. खुर्ची आमच्या दिशेने, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. सिनेमा विनोदी होता. आम्ही हसलो की ते आमच्याकडे बघायचे आणि नाही हसलो तरी बघायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला व्हिसाच्या खिडकीसमोर उभं असल्यासारखं वाटलं आणि आलेलं हसू मी गिळून टाकलं.

हे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत. इथं मराठी घरं इतकी आहेत की गणपतीला पार्किंग मिळत नाही. नवं कुटुंब आलं की जुनी माणसं त्यांना मेथी कुठं मिळते आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण काढून देतो ते सांगतात, मग जरा आवाज खाली आणून म्हणतात, "आणि गद्रे काकांनी बोलावलं तर जाऊन या. एकदाच." माझी बायको रश्मी शहाणी, ती एकदाच गेली. मी तीन वर्षं जात राहिलो, कारण मला कुणाला नाही म्हणता येत नाही. ही गोष्ट माझ्या मॅनेजरलाही ठाऊक आहे.

सिनेमा दर वेळी तोच. शंभरेक वर्षांपूर्वीचा अमेरिकन मूकपट, सोळा मिनिटांचा. रिळाच्या सुरुवातीचे काही फूट कधीच तुटून गेलेले, त्यामुळे नाव काय, नट कोण, कशाचाच पत्ता नाही. काका त्याला 'शिडीवाला' म्हणायचे. एक लुकडा माणूस हॉटेलच्या खिडक्या पुसायच्या नोकरीला लागतो. त्याला एक लांबलचक शिडी देतात. पुढची दहा मिनिटं ती शिडी गावातल्या प्रत्येकाला धडकते. पोलिसाला, पाववाल्याला, मोठी टोपी घातलेल्या बाईला, आणि मग पुन्हा पोलिसाला. शेवटी लुकडा दुसऱ्या मजल्यावरून कारंज्यात पडतो आणि त्याच्या मागोमाग शिडी आणि शिडीच्या मागोमाग पोलीस. मधूनमधून पाट्या येतात, पण त्या न वाचताही सगळं समजतं. मला विचाराल तर सिनेमा खरोखर चांगला आहे. मी तो तीसेक वेळा पाहिलाय आणि पोलीस दुसऱ्यांदा शिडीच्या तडाख्यात सापडतो तिथं मला अजून हसू येतं.

बघायला येणाऱ्यांसाठी नियम होते. आल्या आल्या सगळ्यांचे फोन एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये जमा व्हायचे आणि काका झाकण लावून टाकायचे. खायला फक्त शिरा. एकदा कुणीतरी बिचाऱ्याने घरचा चिवडा डब्यातून आणला होता. काकांनी तो डबा शांतपणे वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला. "मूकपट आहे," ते म्हणाले. "चिवडा बोलतो." शिरा ते स्वतः करायचे. त्याच्या गुठळ्या व्हायच्या, पण गुठळ्या बोलत नाहीत, म्हणून चालायचं.

काका वूस्टरजवळच्या एका व्हॉल्व्हच्या कंपनीतून एकतीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले होते. काम गळती शोधण्याचं. वाफ कुठून जाते, तेल कुठून झिरपतं, हे शोधून रिपोर्ट लिहायचा. "कारणाशिवाय थेंब गळत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या गाडीखाली पाणी दिसलं तेव्हा ते हे म्हणाले, माझ्या मुलाला सर्दी झाली तेव्हा म्हणाले आणि आमच्या गल्लीतल्या एका जोडप्याचा डिव्होर्स झाला तेव्हाही म्हणाले. त्या जोडप्याच्या बाबतीत त्यांनी दोन संभाव्य कारणंही सांगितली होती. दोन्ही बरोबर निघाली, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय उरली नाही.

पाच-सहा महिन्यांनी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. काका वहीत फार काही लिहीत नसत. सिनेमा सुरू होऊन चार मिनिटं झाली की प्रोजेक्टरमधून 'टक्' असा आवाज यायचा, कारण रिळाला तिथं जोड होता. टक् झालं की काका खुर्चीत पुढं सरायचे आणि आमचे चेहरे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घ्यायचे. सात-आठ सेकंद. मग मागं टेकून वहीत एक शब्द लिहायचे. एकदा शिऱ्याची वाटी उचलायच्या निमित्ताने मी वाकून पाहिलं. शब्द होता 'नाही'. त्याच्या वर 'नाही', त्याच्याही वर 'नाही', पानभर 'नाही'.

त्या आठ सेकंदांत पडद्यावर हसण्यासारखं काहीही नव्हतं. हॉटेलचा मालक रस्त्यात उभा राहून लुकड्याला बोट नाचवत काम समजावून सांगतो, एवढंच. उभ्या सिनेमात हाच एक भाग असा होता की ज्यात कुणी पडत नाही.

मग एका जानेवारीत फार बर्फ पडला आणि त्या शनिवारी मी एकटाच गेलो. बारा खुर्च्या मांडलेल्या, बारा वाट्या भरलेल्या, कुकरमध्ये एक फोन. काका समोर बसून माझ्या एकट्याच्या तोंडाकडे बघतायत. मला राहवलं नाही. मनात म्हटलं, एवढ्या आशेने बघतोय माणूस, जरा हसलो तर माझं काय जातंय? टक् झालं आणि मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो.

काका ताडकन उठले. प्रोजेक्टर बंद, दिवा चालू.

"का हसलास?"

"असंच काका. ती शिडी ज्या पद्धतीने तो..."

"शिडी अजून आलेली नाही."

"म्हणजे तो मालक. त्याचं बोट. फनी आहे ना ते."

"बोट अकरा वेळा नाचतं. कितव्या वेळी हसलास?"

मी अंदाजाने सातव्या म्हणालो. काकांनी वहीत सात लिहिलं. मग त्या सातकडे बराच वेळ बघत राहिले.

"सातव्या वेळी बोट चौकटीच्या बाहेर असतं," ते म्हणाले. "समीर, तू खोटं हसलास."

मी आजवर खोटं बोलताना अनेकदा पकडला गेलोय, खोटं हसताना पहिल्यांदाच. मी सॉरी म्हणालो. काका रागावले नाहीत. त्यांनी सातवर रेघ मारली, अर्धवट गार झालेला शिरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझी बायको इथं हसायची."

शैला काकूंना मी पाहिलं नव्हतं. आम्ही इथं यायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. काका त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याबद्दल बोलले, तेही रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. काकू एका यार्ड सेलमध्ये, कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, शिलाई मशीन बघायला गेल्या होत्या आणि प्रोजेक्टर घेऊन आल्या. सोबत हे एकच रीळ मिळालं. तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी दोघं खाली येऊन ते बघायची. काकांना सिनेमात रस नव्हता, ते प्रोजेक्टरकडे लक्ष ठेवायचे. काकू सगळीकडेच हसायच्या. पण टक् झाल्यावर हसायच्या ते हसणं निराळं. स्वेटरची बाही तोंडात कोंबून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"दर वेळी विचारलं. म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं."

"किती वर्षं?"

"चौदा. मला वाटलं, सांगेल कधीतरी. घाई काय होती?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात विचारायचंच असं ठरवून गेलो होतो. तिथं भलतंच विचारावं लागलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत, सही कोण करणार. तिला हसायचं कारण विचारायचं राहून गेलं."

मग त्यांनी मला कोपऱ्यातलं कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला मोठा तक्ता चिकटवला होता. त्या आठ सेकंदांतलं एकेक चित्र त्यांनी भिंग लावून तपासलं होतं. मालकाचं बोट, लुकड्याच्या विजारीची उंची, दोघांच्या मिशा, सावल्यांची दिशा. प्रत्येकापुढे 'हसण्याजोगं नाही' असा शेरा. सगळ्यात खाली 'मागील बाजू, रस्ता, झाड, बाक, येणारी-जाणारी माणसं' आणि त्यापुढे 'संबंध नाही'. तर मग राहिला एकच मार्ग. तिथं हसणारं दुसरं माणूस शोधायचं आणि त्याला कारण विचारायचं.

"हे कुणाशी बोलू नकोस," काका म्हणाले. "साक्षीदाराला आधी सांगितलं की साक्ष बिघडते."

मी रश्मीलासुद्धा सांगितलं नाही. त्यानंतर मात्र मी एकही शनिवार चुकवला नाही आणि नव्या माणसांना पकडून पकडून नेऊ लागलो. ऑफिसातले, क्रिकेटमधले, एकदा तर आमचा डिशवॉशर दुरुस्त करायला आलेला माणूस. तो पोट धरधरून हसला, पण चुकीच्या ठिकाणी.

काकांनी मराठी मंडळाच्या गणपतीतही प्रयत्न करून पाहिला. अध्यक्षांना म्हणाले, मुलांसाठी विनोदी सिनेमा आहे, फुकट दाखवतो. शाळेचा हॉल, दोनशे माणसं. काका पडद्याखाली स्टेजवर खुर्ची टाकून सभागृहाकडे तोंड करून बसले. लोकांना वाटलं, हेच प्रमुख पाहुणे. दोन मिनिटांत सेक्रेटरी धावत गेले आणि सिनेमा चालू असतानाच त्यांना शाल-नारळ देऊन आले. काका मांडीवर नारळ घेऊन आमचे चेहरे बघत राहिले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने आईला विचारलं, "मम्मा, इज ही मॅड अॅट अस?"

आणि टक् झाल्यावर चक्क कुणीतरी हसलं. मागून, खणखणीत. काका शालीसकट स्टेजवरून उतरले आणि दहाव्या रांगेत जाऊन उभे राहिले. हसणाऱ्या गृहस्थांनी घाबरून फोन पुढं केला. मेहुण्याने व्हॉट्सअॅपवर काहीतरी पाठवलं होतं. काकांनी ते पूर्ण वाचलं, फोन परत दिला आणि वहीत लिहिलं, 'बाह्य कारण'.

शेजारच्या बिलची कुत्री एकदा नेमकी तिथं भुंकली. कुत्री भुंकली तर त्यात काय, असं तुम्ही-आम्ही म्हणू. काकांनी बिलला विनंती करून तिला पुढचे तीन दिवस आणलं आणि खुर्चीवर बसवून सिनेमा दाखवला. पहिल्या दिवशी ती झोपली, दुसऱ्या दिवशी तिने शिरा खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी बिलनेच हात जोडले. वहीत नोंद झाली, 'योगायोग'.

काकांची मुलगी मुक्ता टेक्सासमध्ये शुगर लँडला असते. तिला अर्थातच सगळ्यात आधी विचारून झालं होतं. ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, शी जस्ट लाफ्ड. पीपल लाफ." काका मला म्हणाले, "लोक हसतात हे निरीक्षण झालं. मी कारण विचारलं होतं."

गेल्या मार्चमध्ये काका ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरून पडले. वीस मिनिटं तिथंच पडून होते, मग बिलने पाहिलं. मी भेटायला गेलो तर पाय उशीवर ठेवून बसले होते. "समीर," ते म्हणाले, "पडण्यात हसण्यासारखं काहीही नाही. आता मी खात्रीने सांगू शकतो." मुक्ता लगेच विमानाने आली आणि बाबांना एकटं ठेवायचं नाही, घर विकायचं, असं ठरवून गेली. एकटा कुठं, महिन्यातून एकदा बारा माणसं येतात, हा काकांचा मुद्दा टिकला नाही. शुगर लँडकडे घरांना बेसमेंट नसतात, यावर त्यांनी मुक्ताला दोन पानी ईमेल लिहिली. तिने उत्तरात जेवणाच्या खोलीचा फोटो पाठवला. ऑक्टोबरअखेर घर नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचं ठरलं.

काकांना घराचं फारसं काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं ते वेगळंच. "तिथं कोण येणार बघायला?" ते मला एकदा म्हणाले. "मुक्ताचे लोक मोठे मोठे डॉक्टर आहेत. दीड तास ड्राइव्ह करून सोळा मिनिटांचा सिनेमा बघायला कोण येतं? ऑक्टोबरचा दुसरा शनिवार शेवटचा. नंतर रिपोर्ट तसाच उघडा राहणार."

सप्टेंबरमध्ये माझी आई अकोल्याहून आली, सहा महिन्यांसाठी. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. तिला कुणाच्याही घरी नेलं की परत येताना गाडीत ती त्या घराचा अहवाल देते. सुनेचं आणि सासूचं पटत नाही, नवऱ्याची नोकरी डळमळीत आहे, थोरला पोरगा चोरून गोड खातो. ती कुणाला काही विचारत नाही, नुसती बसलेली असते. एका रविवारी आम्ही काकांना जेवायला बोलावलं. काका आणि आई एकमेकांशी बेताचंच बोलले. हवा, गुडघे, अकोल्याचं ऊन. ते गेल्यावर मी आईला विचारलं, कसे वाटले काका? ती म्हणाली, "चांगला माणूस आहे. फार दिवसांत कुणी टोकलेलं दिसत नाही." याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

शेवटच्या शनिवारी बेसमेंटमध्ये खोकी रचलेली होती. मुक्ता सामान बांधायला आली होती आणि वर स्वयंपाकघरात पेपरात कप गुंडाळत होती. खाली आम्ही नऊ जण. आईला मी काहीही सांगितलेलं नव्हतं. जुना सिनेमा आहे, सोळा मिनिटांचा, एवढंच. तिने आपला फोन कुकरमध्ये टाकला, शिरा खाल्ला, "रवा अजून जरा भाजायला हवा होता भाऊ," असं काकांना सांगितलं आणि शालीत हात घालून बसली.

दिवा मालवला. लुकडा आला, नोकरी मागू लागला. माझं लक्ष पडद्याकडे नव्हतं, मी काकांकडे बघत होतो. प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांचा चेहरा करडा दिसत होता. टक् झालं. काका पुढं सरले. एका टोकापासून चेहरे बघत निघाले.

आणि आई हसली.

आधी नाकातून फिस्सकन. मग तिने शाल तोंडाशी नेली आणि खांदे हलायला लागले. "अरे बाप्पा," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मला वाटलं, हिला भलतंच काहीतरी आठवलं असणार, आता काका चौकशी करणार आणि पुन्हा 'बाह्य कारण'.

दिवा लागला. काका आईसमोर उभे होते. त्यांच्या हातात वही नव्हती, ती खाली पडली होती.

"ताई, का हसलात?"

"काही नाही, काही नाही. चालू द्या तुम्ही."

"कृपा करून सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "सांगितलं तर राग येईल भाऊ तुम्हाला," ती म्हणाली. "वयाने मोठे आहात. दुसऱ्याच्या घरी येऊन असं बोलणं बरं दिसत नाही."

"राग येणार नाही. लिहून देतो."

ते खरंच लिहून देतील हे आईला कळलं असावं. ती उठली. "परत लावा तेवढंच," म्हणाली. काकांनी रीळ मागं घेतलं. दोनदा फिल्म सटकली. आई पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. टक् झालं. मालक लुकड्याला बोट दाखवू लागला आणि आईने आपलं बोट त्या दोघांच्या मधून पार मागं, रस्त्यापलीकडच्या बाकावर टेकवलं.

"यांच्याकडे कशाला बघता? वर्गात पुढचं पोरगं काय करतं ते सगळ्यांनाच दिसतं. मागच्या बाकावर बघायचं."

मागच्या बाकापाशी एक म्हातारा आला होता. बोटाच्या पेराएवढा. सिनेमातला नटही नसावा, रस्त्यावरून जाणारा कुणीतरी. त्याने बाकावरून तळहात फिरवला. तळहात डोळ्यांजवळ नेऊन धूळ लागली का ते नीट पाहिलं. हात विजारीला पुसला. बसला. लगेच अर्धवट उठला, मागं वळून बाकाकडे पुन्हा एकदा संशयाने पाहिलं आणि मग काय ते बसला.

"हे तुम्ही," आई म्हणाली. "डिट्टो. त्या रविवारी आमच्याकडे जेवायला बसताना असंच. सोफ्यावर असंच. आत्ता इथं बसतानाही असंच. मला मघापासून हसू येत होतं, मी दाबून धरलं होतं. आणि इथं बघते तर हा बुवा!"

आम्ही सगळ्यांनीच ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. काका आपल्याच घरात, आपल्याच स्वच्छ खुर्चीवर तसे बसायचे आणि ते इतकं रोजचं होतं की आम्हाला दिसेनासं झालं होतं.

"मी असं करतो?" काकांनी विचारलं.

"हो काका," मी म्हणालो. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

"हे एकच निरीक्षण झालं," काका म्हणाले. "एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. मला जरा विचार करू दे." आणि विचार करायला म्हणून ते खुर्चीकडे वळले. त्यांनी खुर्चीवरून तळहात फिरवला. तळहात डोळ्यांजवळ नेला. आणि तसेच उभे राहिले.

हसलं कुणीच नाही. मुक्ता पायऱ्यांवर येऊन उभी होती, हातात अर्धा गुंडाळलेला कप. "बाबा," ती म्हणाली, "यू हॅव ऑलवेज डन दॅट. आई आणि मी टेबलावर एकमेकींकडे बघायचो. मला माहीतच नव्हतं की ती याला... मी कधी मागं बघितलंच नाही सिनेमात."

काका हळूहळू खुर्चीत बसले. या वेळी मध्ये उठले नाहीत. बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"मला वाटायचं ती सिनेमाला हसते," ते म्हणाले. "चौदा वर्षं माझ्या शेजारी बसून मला हसत होती. मग सांगितलं का नाही?"

हे त्यांनी कुणाला विचारलं कोण जाणे. उत्तर आईने दिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही ते करायचं सोडलं असतं भाऊ."

काकांचा चेहरा तसाच होता, रिपोर्ट वाचतानाचा. फक्त डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मलाही पुढचं नीट दिसेना. गेल्या काही वर्षांत या माणसाने शेकडो लोकांचे चेहरे तपासले होते आणि त्यातल्या एकानेही कधी त्याच्याकडे लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर सगळ्यात जास्त वेळा त्याच्या समोर बसलो होतो.

प्रोजेक्टरचा पंखा चालू होता. बाकीची मंडळी एकेक करून उठली, कुकरमधून आपापले फोन घेऊन मुकाट्याने वर गेली. आम्ही चौघं उरलो. मला वाटलं, काका आता वही उचलतील, रिपोर्ट बंद करतील. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही.

"ताई," ते म्हणाले, "अजून काय काय करतो मी?"

आईची त्यांच्याशी ओळख दोन भेटींची. तिने खुर्ची त्यांच्यासमोर ओढून घेतली, शाल नीट केली आणि एक एक आठवून सांगू लागली. चहाचा कप उचलायच्या आधी त्याचा कान स्वतःकडे वळवून घेता. दुसऱ्याचं बोलणं आवडलं की 'बरोबर' न म्हणता चष्मा वर सरकवता. पोळीचा पहिला तुकडा मोडून बाजूला ठेवता आणि तो शेवटी खाता. मुक्ता पायऱ्या उतरून बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आणि काकू, ते शूज घालताना लेसशी बोलतात." काका खाली मान घालून ऐकत होते. मधेच कुणी थांबलं की ते हळूच म्हणत, "हं. पुढं?"